छतावर बाग लावून देणारी सर्व्हिस घेतली, चौदा महिने झाले, आता लिहिते

कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, विचारू नका. पोरं साधी होती, फसवायच्या हिशेबानं आलेली वाटली नाहीत, आणि माझं भांडण त्यांच्यापेक्षा त्यांच्या कॅलेंडरशी जास्त आहे. पण नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव असल्या गावांत, जिथे उन्हाळा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही, तिथे कोणी ते "रेडीमेड टेरेस गार्डन" पॅकेज घ्यायचा विचार करत असेल तर आधी हे वाचा मग पैसे भरा. लांबलचक झालंय, चहा घेऊन बसा.

तर झालं असं की मी रिटायर झाले आणि पुण्याच्या लेकीनं कुठेतरी जाहिरात पाहिली, आई तू घरी बसून काय करशील, छत मोकळंच आहे, मी पैसे देते तू बाग कर. पैसे शेवटी मीच भरले ते जाऊ द्या. पॅकेज ३४,५०० चं. त्यात १५ बाय १५ इंचाच्या २४ ग्रो बॅग, पालेभाजीसाठी ४ लांब चौकोनी बॅगा, लोखंडी स्टँड, वेलांसाठी नायलॉनची जाळी, ड्रिप आणि टायमर, त्यांचं "प्रीमियम सॉइललेस मिक्स", १६ प्रकारचं बियाणं, १० रोपं, आणि सहा महिने दर पंधरा दिवसांनी माणूस येऊन बघून जाणार. सावलीसाठी हिरवी नेट वेगळी, तिचे ६,२०० अजून. म्हणजे नागपुरात नेट ऑप्शनल! तिथेच मला समजायला पाहिजे होतं.

फिटिंग फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. फिटिंगला मात्र पूर्ण मार्क. दोन पोरं सकाळी ९ ला आली आणि ५ ला छत झाडून पुसून गेली, एक खिळा इकडे तिकडे टाकला नाही. बॅगा सगळ्या स्टँडवर, खाली चार बोटं जागा, पाणी साचत नाही, डास नाहीत (आमच्याकडे महानगरपालिकेची माणसं कूलरमध्ये टॉर्च मारून अळ्या शोधतात, त्यामुळे ही गोष्ट छोटी नाही). स्टँड पण भिंतीच्या कडेनं, खालच्या बीमच्या वर येतील असे लावले, मधल्या स्लॅबवर वजन टाकलं नाही. आमचे मेहुणे सिव्हिल इंजिनिअर आहेत, ते वर येऊन बघून गेले आणि म्हणाले की हे बरोबर केलं, घराचं छत साधारण चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबानं धरलेलं असतं, आणि अशी एक बॅग मातीनं भरून पाणी पाजली की साठ किलोच्या घरात जाते, २४ बॅगा म्हणजे टनाच्या वर मामला. मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) असल्यानं ते वजन बरंच कमी. तर हा मुद्दा कंपनीच्या बाजूनं.

आता बियाण्याचा डबा उघडला. लेट्यूस, झुकिनी, चेरी टोमॅटो, ब्रोकोली, बेसिल, पार्स्ली, लाल मुळा, स्विस चार्ड… खाली कुठेतरी भेंडी आणि पालक. मी त्या पोराला विचारलं, ढेमसं (टिंडा) नाही का? तो म्हणे कोणतं? ढेमसं हो, ढेमसं! त्यानं फोनवर सर्च केलं. बापा, नागपुरात भाजीची बाग लावून देणार आणि ढेमसं माहीत नाही. सांभाराचं पाकीट होतं पण त्यावर कोथिंबीर लिहिलं होतं, ते चालवून घेतलं.

आणि मुख्य गोष्ट ही की हे सगळं फेब्रुवारीच्या मध्यात लावलं. म्हणजे ब्रोकोलीचा गड्डा धरायची वेळ आली तेव्हा होळी झालेली. बंगळुरूला चालत असेल, पुण्यात पण एखाद्या वेळेस कडेकडेनं निभत असेल, आमच्याकडे मार्चच्या शेवटी पारा चाळिशीला टेकतो. लेट्यूस हातभर उंच झालं, मधून दांडा फेकला, पान खाल्लं तर कडू जहर. फोन केला तर "मॅडम हे बोल्टिंग आहे, नॅचरल प्रोसेस आहे". नॅचरल तर आहेच ना, मरण पण नॅचरलच असतं. ब्रोकोलीला लिंबाएवढा गड्डा आला आणि तिसऱ्या दिवशी पिवळी फुलं. झुकिनीला नुसती नर फुलं.

चेरी टोमॅटोची गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण यात मी दोन महिने मूर्ख बनले. झाडं जोरदार, माझ्या खांद्याएवढी, घोसांनी फुलं, आणि फळ शून्य. फूल देठाशी पिवळं पडायचं आणि गळायचं. कंपनीच्या ॲपवर फोटो टाकला तर उत्तर आलं की पोटॅश कमी पडतंय, आमचं "ब्लूम बूस्टर" घ्या, ४५० रुपये. घेतलं. टाकलं. अजून फुलं आली, तीही गळाली. खरं कारण खूप नंतर कळलं, दिवसा पस्तीसच्या वर आणि रात्री पंचविसाच्या खाली उतरतच नाही अशा हवेत टोमॅटोचा परागच कामाचा राहत नाही, मग तुम्ही वरून पोटॅश घाला नाहीतर पंचामृत घाला. आमच्याकडे टोमॅटो हे पावसाळ्यात रोप करून हिवाळ्यात खायचं पीक आहे. कॉटन मार्केटमध्ये, म्हणजे आमच्या भाजीबाजारात, भेद्रं (टोमॅटोच) कधी दहा रुपये किलोनं लोळतात आणि कधी शंभराला जातात हे तीस वर्षं पाहतेय मी, तरी हे डोक्यात आलं नाही, आपण पैसे भरले की आपली अक्कल पण त्यांच्याकडे गहाण टाकतो बहुतेक.

मिक्सबद्दल. कोकोपीट, गांडूळखत आणि परलाइट (पांढरे हलके दाणे) असं सांगितलं होतं. हलकं आहे, मुळं झपाट्यानं धावतात, आपल्या काळ्या मातीसारखं नाही. (काळी माती नुसती कुंडीत घालायचा वेडेपणा मी फार पूर्वी केलेला आहे. पावसात चिखलाचा गोळा आणि उन्हात तडे जाऊन कुंडीच्या कडा सोडते, पाणी टाकलं की कडेनं सरळ खाली.) पण कोकोपीटचे दोन नखरे आहेत. एक म्हणजे न धुतलेल्या कोकोपीटच्या विटेत मीठ असतं, नारळाच्या सालीचंच असतं ते, आणि वरून ते कॅल्शियम मॅग्नेशियम धरून ठेवतं, झाडाला देत नाही. माझ्या मिरचीची पानं कडेनं जळाली होती ती त्यामुळे, असं माझं मत. दुसरा नखरा, एकदा पूर्ण कोरडं झालं की ते पटकन पाणी पीत नाही, वरून टाकलेलं घसरून जातं, बॅग वरून ओली दिसते आणि मधून भुसा. एप्रिलमध्ये हे रोज व्हायचं.

आता ड्रिप. मला सगळ्यात जास्त आनंद याचाच झाला होता आणि सगळ्यात जास्त ताप यानंच दिला. त्यांनी जो टायमर लावला तो सोलेनॉइडवाला, म्हणजे आत पडदा असतो आणि तो नीट उघडबंद व्हायला पाण्याचाच दाब लागतो. हा टायमर नळाच्या थेट लाइनला किंवा पंपाला लावा, मस्त चालतो. आमचं कनेक्शन छतावरच्याच टाकीतून, टाकीचा तळ बॅगांपासून जेमतेम पाच फूट वर. दहा मीटर उंचीला एक बार प्रेशर असा साधा हिशेब आहे, आमच्याकडे दीड मीटर, म्हणजे पाव बार पण नाही. आम्ही लग्नाला अमरावतीला गेलो होतो एक रात्र, आणि तो पडदा बंदच झाला नाही, हजार लिटरची टाकी रात्रभर छतावर वाहिली, खाली शेजाऱ्यांच्या अंगणात धबधबा, आणि सकाळी सासूबाईंना आंघोळीला पाणी नाही. मे महिना. तुम्हीच विचार करा घरात काय वातावरण असेल. कंपनीनं टायमर बदलून दिला, मान्य, पण बदलून तोच दिला! शेवटी मी स्वतः बॉल व्हॉल्व्हवाला टायमर आणला, त्यात छोटी मोटर व्हॉल्व्ह फिरवते, दाब असो नसो फरक पडत नाही. तेव्हापासून एकदाही दगा नाही. तुमचं पाणी छताच्या टाकीतून असेल तर पॅकेज घेताना हा एकच प्रश्न विचारा की टायमर कोणता, समोरच्यानं अडखळून उत्तर दिलं की समजून जा.

आणि फिल्टर. बोअरचं पाणी आहे, जड, बादलीला पांढरी पापडी बसते. ड्रिपला फिल्टर लावलेलाच नव्हता. महिन्याभरात निम्मे ड्रिपर बंद, कोणत्या बॅगेला पाणी मिळतंय कोणत्या नाही हे झाड सुकल्यावर कळायचं. स्वस्तातला जाळीचा फिल्टर लावला आणि ड्रिपर रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात टाकून ठेवले तेव्हा सुटले. यात माझा पण एक गाढवपणा लिहिते, कूलरचं उरलेलं पाणी फेकायचं कशाला म्हणून मी ते कुंड्यांना घालत होते. कूलरमध्ये पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, आपण वरून भरतच जातो, म्हणजे खाली उरतं ते मिठाचं सार. जास्वंदीची पानं टोकापासून तपकिरी व्हायला लागली तेव्हा समजलं. ही चूक कंपनीची नाही, माझी.

फवारणीवाल्याची तक्रार मात्र आहे. पहिले दोन महिने जो मुलगा यायचा तो सकाळी अकराला यायचा कारण त्याचा रूट तसा होता, आणि आल्या आल्या नीम ऑइल फवारायचा. एप्रिलच्या अकराच्या उन्हात तेल! वांग्याची पानं दुसऱ्या दिवशी तळल्यासारखी झाली. लिटरला ५ मिली नीम ऑइल, थोडं साबणाचं पाणी, आणि ऊन उतरल्यावर संध्याकाळी, एवढं तर माझी कामवाली पण सांगेल. त्याला म्हटलं तर म्हणे मॅडम संध्याकाळचा स्लॉट प्रीमियम प्लॅनमध्ये येतो. घ्या.

इथपर्यंत वाचून वाटेल की एक स्टार देते की काय. नाही. कारण एप्रिलच्या शेवटी त्यांनी माणूस बदलला आणि जे काका यायला लागले त्यांच्यामुळे ही बाग आज आहे.

भंडाऱ्याकडचे, साठीच्या आसपास, सायकलवर यायचे. पहिल्या दिवशी वर आले, सगळीकडे फिरून पाहिलं, बॅगेला बाहेरून हात लावला आणि म्हणाले, "काकू, मुळं शिजून राहिली जी." मी हात लावला तर खरंच चटका. बॅग बाहेरून हिरवी पण आतून काळी, पश्चिमेची भिंत तापून तिची आग वेगळी. मला सगळे वरून ऊन किती लागतं तेच विचारायचे, बॅग बाजूनं तापते हे कोणाच्या गावीच नाही. त्यांनी काय केलं, स्टँड एकमेकांना चिकटवले, म्हणजे बॅगांची एकमेकींवर सावली, बाहेरच्या ओळीला जुनी बारदानाची पोती गुंडाळली, पश्चिमेच्या कठड्याला आतून चुना मारायला लावला आणि प्रत्येक बॅगेत वरून चार बोटं तणीस. तणीस म्हणजे धानाचं वाळलेलं गवत, त्यांनीच गावाकडून पोतंभर आणलं, पैसे घेतले नाहीत. या सगळ्याचा खर्च चुन्यासकट तीनशे रुपये असेल. कंपनीच्या माहितीपत्रकात यातली एकही गोष्ट नाही.

नेट पण वरून सरळ ताणलेली होती ती सोडून त्यांनी पश्चिमेला खाली उतरती बांधली. दुपारी २ ते ५ चं ऊन अडवायचं, सकाळचं कोवळं येऊ द्यायचं. ५० टक्के ऊन अडवणारी नेट आहे, पालेभाजीच्या बॅगांवर दुहेरी केली. सगळीकडे ७५ ची टाकली तर भाज्या नुसत्या लांबतात, फुलतच नाहीत, हे पण त्यांचंच.

मिक्समध्ये त्यांनी प्रत्येक बॅग थोडी उपसून काळी माती, कन्हानची रेती, चाळलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळली. साधारण दोन भाग जुनं मिक्स असेल तर एक भाग हे. वजन थोडं वाढलं पण बॅग दुपारपर्यंत ओल धरायला लागली. पाणी सकाळी ६ ला आणि संध्याकाळी ६ ला वीस वीस मिनिटं, तासाला ४ लिटरवाला ड्रिपर आहे म्हणजे एका वेळेला सव्वा लिटरच्या आसपास (टाकीच्या कमी दाबानं त्याहून कमीच येतं, मी मग्यात धरून मोजलंय, मग पाच मिनिटं वाढवली). दुपारी झाड मान टाकून उभं दिसलं की माझा जीव जायचा, मी धावत पाणी घालायला. ते म्हणे घालू नका, संध्याकाळी स्वतःहून उठते. उठायचं.

आणि मग त्यांनी विचारलं, काकू तुम्ही खाता काय? हा प्रश्न त्याआधी एकानंही विचारला नव्हता. कॉटन मार्केटच्या बाजूच्या बियाण्याच्या दुकानातून त्यांनी गवार, चवळी, परभणी क्रांती भेंडी, काकडी आणि ढेमसं आणून दिलं, सगळं मिळून दीडशे रुपये. थोडा उशीर झाला होता, ढेमसं खरं तर फेब्रुवारीतच लावायचं असतं, म्हणजे ज्या दिवशी हे लोक माझ्याकडे लेट्यूस लावत होते नेमकं त्या दिवशी. तरी मे मध्ये वेल पसरले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, नवतपा सुरू असताना, लोक घराबाहेर पडत नव्हते तेव्हा, मी छतावरून आठ कोवळी ढेमसं उतरवली. सासूबाईंनी मसाला भरून केली. २०१३ च्या मे मध्ये नागपुरात ४७.९ गेला होता पारा, ते आठवून मी दरवर्षी मे मध्ये सगळ्या कुंड्या देवाच्या भरवशावर सोडायचे. गवार आणि चवळीला ते ऊन जसं काही लागतच नाही.

भेंडीबद्दल एक हिशेब. कंपनीच्या प्लॅनमध्ये भेंडीची झाडं होती दोन. दोन! आज दोन भेंड्या, परवा एक, त्या फ्रीजमध्ये जमवायच्या आणि भाजी होईपर्यंत पहिल्या निबर. चार माणसांना एका वेळेला पाव किलो पाहिजे असेल तर दहा-बारा झाडं लागतात आणि एक दिवसाआड तोडावी लागते. छोट्या छतावर सोळा प्रकार लावण्यापेक्षा पाच प्रकार भरपूर लावा. फोटोत सोळा छान दिसतात हे कबूल. परभणी क्रांती मागण्याचं कारण हे की भेंडीला पानं पिवळी पडायचा जो केवडा रोग येतो, पांढऱ्या माशीमुळे पसरतो, तो तिच्यावर सहज येत नाही. माझ्याकडे पावसाळ्यात बारातलं एक झाड गेलं, बाकी टिकली.

पावसाळ्यात वेलवर्गीय लावले, दोडकी, लवकी (दुधी), कारली. लवकीला बोटाएवढी फळं यायची आणि पिवळी पडून गळायची, ॲपवाले परत बूस्टर. काकांनी संध्याकाळी सात वाजता वर नेलं आणि दाखवलं, लवकीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, मागे छोटी लवकी असते ती मादी, नुसता दांडा तो नर. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादीच्या मधोमध फिरवायचं. इतकंच. तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळच्या वेळी कोणती माशी येणार? दोडक्याचं फूल पण संध्याकाळीच उमलतं, काकडीचं सकाळी. त्यानंतर सहा लवक्या, एक तर हातभर, ती मी पूर्ण गल्लीत मिरवली.

फुलांचं थोडक्यात सांगते. पॅकेजमध्ये पेटुनिया आले होते, ते एप्रिलमध्ये संपले. सदाफुली आणि ऑफिस टाइम (तेच ते, सकाळी उघडून दुपारी मिटणारं) यांना काही करावं लागलं नाही, उन्हात उलट फुलतात. झेंडूची रोपं दसऱ्याच्या दोन महिने आधी लावली, शेंडे एकदा खुडले, दसऱ्याला तोरणापुरती झाली, बाजारात त्या दिवशी काय भाव असतो माहीतच आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला, कापसासारखा पांढरा, आधी पाण्याच्या जोरानं धुवायचा मग नीम, आणि मुंग्या आधी बंद करायच्या, त्याच त्याला फिरवतात. मोगऱ्याचं मात्र काकांनी डिसेंबरात पाणी तोडायला लावलं, जानेवारीत छाटला, पानं ओरबाडून काढली, मी म्हटलं मेला आता. मार्चपासून रोज ओंजळभर कळ्या काढतेय. रात्री माठात दोन टाकते.

फळझाडांत पॅकेजवाल्यांनी "कलमी लिंबू" दिलं होतं, ६५० रुपये धरून. काकांनी बुडाशी बघितलं, कलमाचा सांधाच नाही, काटे बोटभर. बियांचं रोप. आता बियांचं रोप वाईट असतं असं नाही, कागदी लिंबाचं बी जवळजवळ आईसारखंच झाड देतं, पण फळाला तीन-चार वर्षं थांबावं लागतं, आणि पैसे कलमाचे घ्यायचे नव्हते ना. तक्रार केल्यावर पैसे परत मिळाले, पंधरा दिवस लागले पण मिळाले. खरं तर लिंबूवर्गीय फळांवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था आपल्या नागपुरातच अमरावती रोडवर आहे, तिथे रोपं मिळतात, लिंबू संत्र्यासाठी दुसरीकडे कशाला जायचं. ते जुनं रोप मी टाकलं नाही, ड्रममध्ये आहे. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते ती मोठी होऊन फुलपाखरू होते, नात आली होती तेव्हा तिनं एकही मारू दिली नाही, अर्धं झाड खाल्लं त्यांनी.

टोमॅटो ऑगस्टमध्ये परत लावले, यावेळी साधे देशी. दिवाळीनंतर सुरू झाले ते फेब्रुवारीपर्यंत. सुरुवातीची काही फळं बुडाला काळी पडली, ते पाणी कमी जास्त झालं आणि कॅल्शियम नीट पोचलं नाही की होतं, ड्रिप रोज एका वेळेला चालू ठेवलं आणि ते थांबलं. हिवाळ्यात लेट्यूस पण लावलं, हो, तेच उरलेलं पाकीट, नोव्हेंबरमध्ये. झकास आलं! लेकीनं सँडविच केले. बियाणं चांगलंच होतं त्यांचं. पालक, मेथी, सांभार याची तर डिसेंबरात विकत आणायची गरजच पडली नाही. वानरांनी जानेवारीत एकदा येऊन वांग्यांचा फराळ केला, तो कोणत्याच पॅकेजमध्ये कव्हर नाही.

मग स्टार किती. सामानाला चार, बॅगा वर्षभर उन्हात राहून फाटल्या नाहीत, शिवण उसवली नाही, स्टँडला गंज नाही. फिटिंगला पाच. टायमरला एक, तोही बदलून दिला म्हणून. ॲपवरच्या सल्ल्याला शून्य, प्रत्येक दुखण्याला एकच बाटली. बिलाच्या बाबतीत सरळ आहेत, जे ठरलं त्याच्या वर लपवून काही लावलं नाही. एकूण तीन. ज्यांना स्वतः ओझी उचलणं, लोखंड कापून आणणं होत नाही त्यांनी सामान आणि फिटिंग यांच्याकडून जरूर घ्या, पण बियाणं आणि रोपं नको म्हणा, तेवढे पैसे कमी करायला लावा, करतात, माझ्या मैत्रिणीला केले. आणि फेब्रुवारीत घेऊ नका. जूनमध्ये मृग लागला की बॅगा भरा, पहिल्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी हातात आठ महिने मिळतात.

या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला होता, वर्षाचा मेंटेनन्स प्लॅन रिन्यू करायला, ९,६००. मी विचारलं ते काका येतील का. तर म्हणे ते आता आमच्याकडे नाहीत मॅडम, पण आमचे ट्रेन्ड एक्झिक्युटिव्ह येतील, आणि सीझन सुरू होतोय तर या महिन्यात लेट्यूस आणि ब्रोकोलीचं नवीन किट फ्री देतोय.

काका आता स्वतःचं काम करतात, एका खेपेचे ४०० घेतात. या रविवारी येणार आहेत, ढेमशाच्या वेलाला मावा पडलाय, आणि तणीस पण आणतो म्हणालेत.